पाणी ओसरेपर्यंत

७ डिसेंबर, कुंभारगाव

पहाटे पावणेपाचला बारामती सोडली. या दिवसांत भिगवणच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात, मागे दिवा नसतो. त्यामुळे एवढ्याशा अंतराला तास लागतो आणि तो लागू द्यावा. उजनीच्या काठावर पोचले तेव्हा अंधारच होता. टपरीवर चूल पेटली होती. चहा सांगायच्या आधी कॅमेऱ्याची बॅग गाडीबाहेर काढून उघडी ठेवली. गाडीच्या उबेतली लेन्स थेट गार हवेत धरली तर तिच्या नळीतली, हूडमधली कोमट हवा हलत राहते आणि सुरुवातीचे सगळे फोटो मऊ येतात. दोन हिवाळे मी त्याचा दोष फोकसला देत होते.

माझे नेहमीचे नावाडी, मामा, होडी काढून बसले होते. डोक्याला मफलर, वर पोत्याची खोळ.

"पाखरं आली का मामा?"

"आली की. पन पानी लई हाय ताई. बसायला जागाच न्हाई त्यास्नी."

यंदाचं खरं दुखणं तेच आहे. उजनी काठोकाठ भरलेली. ११७ टीएमसीचं हे धरण भरलं की सोलापूर जिल्हा निर्धास्त होतो, इंदापूरचा ऊस हसतो आणि काठचा चिखल मात्र कित्येक फूट पाण्याखाली जातो. रोहितला, म्हणजे फ्लेमिंगोला, उभं राहून चोच चिखलात घालता येईल एवढंच पाणी लागतं. तुतवारांना त्याहून उथळ. त्यामुळे पावसाळा चांगला झाला की आमचा हिवाळा उशिरा सुरू होतो. शेतीसाठी पाणी सुटायला लागतं, आवर्तनागणिक काठ उघडा पडतो, मग पाखरं जवळ येतात. उजनी प्लसमध्ये की मायनसमध्ये, म्हणजे साठा वापरण्याजोग्या पातळीच्या वर की खाली, हा इथल्या चहाच्या टपरीवरचा रोजचा विषय आहे. माझाही आहे, फक्त मी तो उलट्या बाजूने विचारते, आणि तसं विचारताना मनाला खात राहतं.

सूर्य सातच्या सुमारास उगवला असणार. दिसला सव्वाआठला. पाणी रात्रभर ऊब धरून असतं, वरची हवा गार, त्यामुळे पाण्यातून वाफ निघते तसं धुकं उठतं. त्या धुक्यात कॅमेऱ्याच्या फोकसला धरायला काहीच मिळत नाही. लेन्स पुढे जाते, मागे येते, घुरघुरते आणि थांबते तेव्हा पाखरू निघून गेलेलं असतं. आज फोकस हाताने फिरवला. शिवाय धुकं उजळ असतं, कॅमेरा त्याला करडं करून टाकतो. एक स्टॉप वाढवावा लागतो. पुढच्या काचेवर दव तर गवतावर धरावं तसं धरत होतं. पदराच्या टोकाने काच पुसायची नाही, हे नियम म्हणून मी दुसऱ्यांना सांगते. आज रुमाल काठावर राहिला होता.

चाळीसेक फोटो काढले. ठेवला एक: धुक्यात चक्रवाकांची जोडी, दोघांचे नुसते आकार. रंग नाही, डोळा नाही. पण मला तेवढंच दिसलं होतं.

१४ डिसेंबर

आज होडी घेतली नाही. मामांना जाळी काढायची होती, आणि मला घोंगडीचा प्रयोग करून बघायचा होता.

गेल्या वर्षी लक्षात आलेली गोष्ट. काठावर धनगर मेंढरं घेऊन येतात. मेंढरं पाण्यापर्यंत जातात, धनगर घोंगडी पांघरून उभा असतो आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर बदकं निवांत चरत असतात. तोच मी जॅकेट घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून शंभर पावलांवर आले की सगळ्या माना वर. पाखरांना माणसाचं भय आहेच, पण कुठल्या माणसाचं याचा त्यांचा हिशेब पक्का आहे. म्हणून पंढरपूरहून एक काळी घोंगडी आणली. अंधारातच एका बाभळीच्या बुंध्याशी बसले, घोंगडी डोक्यावरून घेतली आणि लेन्सचं तोंड तेवढं बाहेर ठेवलं. लेन्सखाली जुन्या जीन्सच्या पायाची शिवलेली पिशवी. आत ज्वारी. तिपाईपेक्षा ही पिशवी बरी, जमिनीलगत बसता येतं. (मागच्या हिवाळ्यात ती दवाने भिजली आणि आठ दिवसांनी शिवणीतून कोंब बाहेर आले.)

घोंगडीत ऊब येते, वर दव झिरपत नाही, आणि लोकरीचा वास येतो तो पाखरांच्या सवयीचा असेल असं मी धरून चालले. थंडीने बोटं मात्र वळेनात. अर्ध्या बोटांचे हातमोजे घातले तरी शटरचं बोट उघडंच राहतं.

साडेसातला थापट्या बदकांचा एक कळप पोहत पोहत काठाला लागला. वीस-बावीस असतील. फावड्यासारखी पसरट चोच पाण्यावर आडवी ठेवून सगळी एकामागे एक गोल गोल फिरत होती. एकाच्या पायांनी खालचं ढवळलेलं मागच्याच्या चोचीत जातं. मग पोट भरलं असावं. एकेक करून थांबली, चोच पाठीच्या पिसांत खुपसली आणि झोपली.

मी लेन्समधून कडेच्या नराकडे बघत होते. हिरवं डोकं पाठीवर वळवलेलं, छाती पांढरी, कूस विटकरी. आणि माझ्या बाजूचा डोळा उघडा. पिवळा, हळकुंडासारखा. त्यावर खालून पापणी चढायची, डोळा झाकायचा, तीन मोजेपर्यंत परत उघडायचा. पलीकडच्या कडेच्या बदकाचा पलीकडचा डोळा उघडा असणार. बदकं अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात, आणि कळपाच्या कडेला असलेली बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतात, हे मी वाचलं होतं. वाचलेलं असं समोर पंधरा हातांवर श्वास घेताना कधी पाहिलं नव्हतं. मधली बदकं दोन्ही डोळे मिटून झोपली होती, कडेच्यांच्या भरवशावर.

पाऊण तास मी तशीच बसले. फोटो फक्त नऊ काढले. शटरच्या आवाजाला त्या नराचा डोळा प्रत्येक वेळी जरा मोठा व्हायचा. नवव्यानंतर मला ते बरं वाटेना.

कळप आपणहून उठून गेला, तेव्हा मी पाय सरळ केले. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.

२१ डिसेंबर

नाताळच्या सुट्ट्या लागायच्या बेतात. काठावर अठरा गाड्या मोजल्या.

आज झालेलं लिहून ठेवते, कारण ते विसरायचं नाही.

आम्ही कुरवांच्या थव्यापासून बरेच लांब थांबलो होतो. मामांनी बांबू चिखलात रोवून होडी धरली होती. दुसरी एक होडी इंजिन लावून आली. त्यात पाच-सहा जण, तिघांकडे माझ्या लेन्सपेक्षा मोठ्या लेन्सा. त्यांच्यातल्या एकाने नावाड्याला सांगितलं, "जरा उडवा की." नावाड्याने होडी सरळ थव्यात घातली. कुरव, सुरय, पलीकडचे शेकाटे, त्याच्याही पलीकडची बदकं, सगळं आभाळ एकदम वर. पाचेक सेकंद कॅमेऱ्यांचा नुसता कडकडाट. मग शांत. पाखरं लांब जाऊन उतरली. दहा मिनिटांनी ती होडी तिकडे.

मामा काही बोलले नाहीत. तो नावाडी त्यांच्या भावकीतला. त्याचंही पोट या तीन महिन्यांवर आहे, गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला परवडत नाही. मी त्याला दोष देत नाही. 'उडवा' म्हणणाऱ्याला देते.

आणि हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. आठ वर्षांपूर्वी, याच पाण्यावर. नवी लेन्स होती, सबंध सकाळ रोहित पाठमोरे उभे होते आणि मला पंखांतला लाल रंग हवा होता. पंख मिटलेला रोहित पांढरट दिसतो. लाल आणि काळा उघडतो तो उडतानाच. "थोडं उडवता का?" मी म्हटलं. रोहित जागचा उठत नाही, पाण्यावर दहा-बारा पावलं पळतो तेव्हा कुठे हवेत जातो. ती सगळी धावपळ मला मिळाली. तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. आलेगेले त्याचं कौतुक करायचे.

तेव्हा मला एक साधा हिशेब कळत नव्हता. उडण्यात सगळ्यांत जड असतं ते उठणं. हिवाळ्याचा दिवस अकरा तासांचा. त्या अकरा तासांत या पाखरांना पोट भरायचं असतं, अंगावर चरबी चढवायची असते, आणि मार्च आला की त्या चरबीवर इथून सायबेरिया, मंगोलिया, मध्य आशिया गाठायचं असतं. रोहितांना कच्छच्या रणाकडे जायचं असतं. आपण त्यांना सकाळीच चार वेळा उठवतो, म्हणजे त्यांच्या शिदोरीतलं काढून घेतो. एकट्या माझ्या होडीने काही होत नाही, असं वाटतं. काठावर अठरा गाड्या होत्या.

तो फोटो तीन वर्षांपूर्वी भिंतीवरून काढला. खिळा तसाच आहे.

मामांना परतताना विचारलं, तुम्हाला लोक रोज सांगतात का असं? ते म्हणाले, "धातली आठ मानसं सांगत्यात. बाकीची दोन तुमच्यासारकी." मग थोड्या वेळाने, "ही होडी आत्ता आमच्या वावरावर हाय, ताई. खाली. आज्ज्याची जवारी हुती हितं."

धरण १९८० साली पुरं झालं. त्यांची जमीन त्यात गेली, हे मला ठाऊक होतं. कुठे, ते आज कळलं.

२८ डिसेंबर

थोडक्यात. थंडी चांगली पडली, आभाळ निवळ, धुकं नाही. वाटलं, आज फोटो धारदार येणार. घरी येऊन स्क्रीनवर मोठे केले तर एकही धारदार नाही. शटर १/२०००, हात स्थिर, फोकस डोळ्यावर, तरी पिसांच्या कडा विरघळल्यासारख्या.

कारण हवा. पाणी कोमट, वरची हवा गार, ऊन चढलं की दोन्ही एकमेकांत कालवली जातात आणि मधला सगळा पट्टा थरथरतो. भाकरी काढल्यावर तव्याच्या वर हवा हलताना दिसते, तेच. दोनशे मीटरवरचं बदक म्हणजे दोनशे मीटर थरथरत्या हवेआडचं बदक. त्यावर ६०० ची लेन्स लावली काय आणि ८०० ची लावली काय, लेन्स बदकाबरोबर थरथरही मोठी करते. पैसे टाकून हे अंतर कमी होत नाही. नवीन मुलं मला विचारतात, कुठली लेन्स घेऊ? त्यांना पुढच्या वेळी आजचे फोटो दाखवणार आहे.

दहानंतर थांबूच नये. मामांनी आणलेली चिलापी घेऊन घरी.

४ जानेवारी, बारामती

पाण्यावर गेले नाही. संध्याकाळी भोरड्यांसाठी शेताकडे.

भोरड्या म्हणजे पळसमैना. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, डोक्यावर मागे वळलेला तुरा. मध्य आशियाकडून येतात, आपल्याकडच्या शाळूवर हिवाळा काढतात. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडांवर उतरण्याआधी हजारोंनी आभाळात घिरट्या घालतात. थवा दाटतो, पांगतो, पिळा घेतो, एखादा ससाणा आला की मुठीसारखा आवळतो. बारामतीकरांना हे दृश्य नवं नाही.

फोटोची अडचण अशी की तो खेळ रंगतो तेव्हा उजेड संपलेला असतो. सव्वासहा, साडेसहा. पाखरू थिजवायचं तर शटर १/१००० हवं, त्यासाठी आयएसओ इतका वाढवावा लागतो की आभाळात रवा पडल्यासारखा दिसतो. आज उलट केलं. शटर १/१५ वर ठेवलं आणि कॅमेरा थव्याबरोबर फिरवला. पाखरं ओढली गेली, प्रत्येकाची एक रेघ झाली. विसातले दोन जमले. थवा वळतो कसा, हे थिजवलेल्या फोटोपेक्षा या दोनांत जास्त कळतं.

शेताच्या बांधावर एक आजी माळ्याखाली बसल्या होत्या. हातात गोफण, शेजारी पत्र्याचा डबा. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"फोटू काय काढतीस बाई? हाकल की त्यांना."

मी गप्प झाले. शाळू हुरड्यात आलाय. कणसं अर्धी रिकामी झालेली मला दिसत होती. पाखरांवर माझा जीव आहे, तसा त्यांचा त्या कणसांवर. डबा मीही वाजवला थोडा वेळ. भोरड्या उठल्या आणि पुढच्या शेतात बसल्या. तिथेही कोणीतरी डबा वाजवायला लागलं. मग आजींनी सांगितलं, ऊन तापलं की याच भोरड्या नाकतोडे खातात, "पर कनसं काय सोडत न्हाईत." त्यांनी हुरडा दिला, गूळ दिला. मी फोटोबद्दल पुढे काही बोलले नाही.

२१ डिसेंबरला लिहिलेलं आज परत वाचलं. शेत राखण्यासाठी पाखरू उठवणं आणि फोटोसाठी उठवणं, या दोन गोष्टी मी एका पारड्यात टाकणार नाही.

१३ जानेवारी

भोगी. पहाटे उठून बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी डब्यात घेतली, मामांनाही झाली. होडीतच खाल्ली.

पाण्यात बुडालेल्या बाभळींचे शेंडे आता वर आलेत. एका फांदीवर मांजा अडकला होता, नायलॉनचा, उन्हात तारेसारखा चमकत होता. पतंग कुठल्या गावचा, कुठून आला, कुणास ठाऊक. त्या फांदीवर रोज एक कवड्या खंड्या बसतो. मामांनी होडी बुंध्याला लावली, मी विळीने तुकडे करून सगळा गोळा केला. दोन्ही हातांच्या मुठीएवढा भरला. बोट कापलं. खंड्या तेवढा वेळ शेजारच्या झाडावर ओरडत होता. आम्ही मागे सरताच परत येऊन तिथेच बसला.

नायलॉनच्या मांजावर बंदी आहे. उद्या गावोगाव तोच विकला जाईल.

१८ जानेवारी

पाणपक्ष्यांची गणना. आशियातल्या देशांत ही गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. आमच्या वाट्याला दोन किलोमीटरचा काठ.

मोजायची रीत सोपी आहे आणि जमायला वर्षं लागतात. आधी दहा पाखरं मोजायची, ती दहा केवढी दिसतात ते डोळ्यात ठेवायचं, मग तो दहाचा गठ्ठा थव्यावर ठेवत जायचं. थवा मोठा असेल तर शंभराचा गठ्ठा. कॅमेरा आज वहीच्या खालच्या पायरीवर. थवा डावीकडून उजवीकडे तुकड्या-तुकड्यांनी टिपायचा आणि घरी येऊन एकेका पाखरावर ठिपका देत मोजायचं. सुंदर फोटो एकही नाही, कामाचे दोनशे.

आज बरोबर कॉलेजची चार मुलं होती. नावं शिकवली. हळदीकुंकू म्हणजे चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपका असलेलं बदक. वारकरी म्हणजे काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला. शेकाट्या म्हणजे काटक्यांसारखे पाय. नाव ऐकून मुलांनी पाखरू ओळखलं, पुस्तक उघडावं लागलं नाही. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, याच भीमेच्या मुलुखातले. जून २०२५ मध्ये ते गेले. अशी नावं त्यांनी कोळ्यांकडून, पारध्यांकडून, आदिवासींकडून ऐकून 'पक्षीकोशा'त ठेवली. मामांना वारकरी हे नाव ठाऊक होतंच. ते म्हणाले, "आषाढात न्हाई, थंडीत येतो ह्यो."

वारकऱ्यावरून मुलांना उजेडाचा धडाही देता आला. काळा वारकरी आणि पांढरा बगळा शेजारी उभे असले की कॅमेरा गोंधळतो. बगळ्याला धरून उजेड कमी केला नाही तर त्याच्या पाठीवरचं पीस न पीस पांढऱ्या चुन्यात बुडतं, आणि एकदा बुडालं की घरी संगणकावर काहीही करा, ते परत येत नाही. काळ्यातलं थोडंफार वर काढता येतं. म्हणून पांढरं सांभाळायचं, काळ्याला पुढे बघता येतं. सकाळी सव्वासात ते पावणेनऊपर्यंत सूर्य खाली असतो तेव्हा हे दोन्ही एका फोटोत बसतात. हिवाळ्याचं हे एक देणं. उन्हाळ्यात तेवढा वेळही मिळत नाही.

१ फेब्रुवारी

पाणी ओसरलं! गेल्या वेळी जिथे होडी लावली होती तिथून आता चाळीस पावलं चिखल. पाण्याची जुनी रेघ काठावर शेवाळाने आखल्यासारखी दिसते.

वारा पूर्वेचा. पाखरू उठताना आणि उतरताना वाऱ्याला तोंड देतं, म्हणून आधी वारा बघायचा आणि मग बसायची जागा ठरवायची. पूर्वेचा वारा आणि सकाळचं ऊन एकाच बाजूने आले तर सूर्य पाठीशी घेऊन बसावं. उतरणारं प्रत्येक पाखरू तुमच्याकडे तोंड करून येतं. त्याला उठवायची गरजच पडत नाही. ही एवढी गोष्ट आठ वर्षांपूर्वी मला कोणी सांगितली असती!

दोन तासांत भिवई बदकं, तलवार बदकं, शेकाटे, सगळी समोर उतरली. उतरताना पाय पुढे, शेपटी पसरलेली, पाण्याचा पहिला शिंतोडा. मामा काठावर बसून जाळं सांधत होते. मध्येच म्हणाले, "आज बोलावल्यागत येत्यात."

नांदूर मध्यमेश्वरला निरीक्षण मनोरे आहेत, पाखरं खाली आपल्या उद्योगाला असतात. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. उजनीच्या काठाला दोन-चार साधी लपणं बांधली, कुडाची, गवताची, तर होड्यांवरचा भार कमी होईल आणि नावाड्यांनाच ती चालवायला देता येतील. मामांना हे पटतं. ग्रामपंचायतीत बोलतो म्हणाले.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

मामांचा उपास. मी रताळी उकडून नेली होती.

रोहित आले. काल संध्याकाळी उतरले असावेत. पलीकडच्या उथळात एक लांब गुलाबी पट्टा. आम्ही गेलो नाही तिकडे. मी घोंगडी घेऊन नेहमीच्या बाभळीशी बसले. बाभूळ आता पाण्यापासून बरीच आत आहे.

आठ वाजता, माझं लक्ष रोहितांकडे असताना, उजवीकडून दबका आवाज आला. पट्टकदंब. सात होते. रात्रभर कुणाच्या तरी गव्हात, हरभऱ्यात चरून पाण्यावर आले असणार. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे पट्टे, मानेवर पांढरी रेघ, चोच आणि पाय नारिंगी. चालत आले. उडत नव्हे, चालत. एक पाऊल, मान खाली, गवताचं पातं, परत एक पाऊल. ही पाखरं हिमालय ओलांडून येतात. अंगावर यंत्र बसवलेल्या पट्टकदंबांनी सात हजार मीटरहून जास्त उंची गाठल्याची नोंद आहे. मंगोलियात काहींच्या गळ्यात क्रमांकाचे पट्टे घालतात, म्हणून मी सातही गळे तपासले. कुणाच्या गळ्यात काही नव्हतं.

सगळ्यांत पुढचा माझ्यापासून बारा पावलांवर थांबला. लेन्सचं किमान अंतर यापेक्षा फार कमी नाही. मध्ये थरथरायला हवाच उरली नव्हती. पाठीवरच्या राखी पिसांना कडेला पांढरी किनार असते, ती एकेक मोजता येत होती. चोचीच्या काळ्या टोकावर मातीचा ओला कण होता. त्याने मान वर केली, घोंगडीकडे बघितलं, घशातल्या घशात काहीतरी म्हणाला आणि पुन्हा चरायला लागला.

मी तीन फोटो काढले आणि कॅमेरा बंद केला. उरलेला वेळ नुसती बघत बसले. सातहीजण अर्ध्या तासाने पाण्यात उतरले आणि पोहत गेले.

मामांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून खूप वेळ बघितला. म्हणाले, "ह्यो घरात लावा."

लावणार आहे. खिळा आहेच.

या हिवाळ्यातली पानं मासिकाला देते आहे, म्हणून वाचणाऱ्यांना एक मागणं. भिगवणला, नांदूरला, ठाण्याच्या खाडीवर, कुठेही होडीत बसाल तेव्हा पैसे ठरवतानाच नावाड्याला सांगा, "पाखरं उडवायची नाहीत. लांबून दिसली तरी तुमचे पैसे पूर्ण देऊ." तो हे ऐकायला तयार आहे. त्याला ते आधी तुमच्याकडून ऐकायचं आहे.